उन्हाळ्यात टर्बो गाडीची ताकद पुन्हा पुन्हा जाते: कोणतं मीटर बसवायचं आणि कोणतं नाही

तक्रार एकच, गाड्या तेवढ्या वेगळ्या. होळी झाली की सुरू होते. "भाऊ, गाडी घाट चढूनच नाही राह्यली." परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना, वरूडहून संत्रा भरून मुलताईच्या बाजूला सातपुड्याची चढण लागल्यावर, नाहीतर समृद्धीवर भर दुपारी एसी लावून एकसारखी पळवल्यावर टर्बो डिझेलचा पिकअप जातो. गॅरेजवाला फिल्टर बदलतो, सेन्सर साफ करतो, कधी टर्बोच बदलतो. काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. शेवटी मालक वैतागतो आणि म्हणतो, आता मीटरच बसवून टाका, बूस्टचं, ऑइलचं, जे मिळेल ते.

मी चांदूर बाजार भागात गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो, म्हणून मीटर लावणारे शेवटी माझ्याकडे येतात. बहुतेकांची निवड आधीच झालेली असते: एक बूस्टचं (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचं), शेजारी ऑइल टेम्परेचरचं, जागा उरली तर व्होल्टचं. का, तर कुणाच्या तरी गाडीत पाहिलेलं असतं. मी उलट विचारतो. गाडीचं नेमकं काय बिघडतंय, आणि ते सांगणारा आकडा गाडी तुमच्यापासून लपवते का? लपवत असेल तरच मीटर. गाडीचा कॉम्प्युटर तो आकडा स्वतःहून द्यायला तयार असेल, तर भोकं पाडायची आणि वायरी ओढायची गरज नाही.

आधी सांगा, ताकद गेली कशी?

एकदम गेली की हळूहळू, यावर अर्धं निदान आहे.

एकदम म्हणजे कशी, तर तिसऱ्या गिअरला बरी चालली होती आणि अचानक कुणी मागून धरल्यासारखी झाली. इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या वर जाईना, चेक लाईट लागला. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळाली. हा लिम्प मोड. कॉम्प्युटरनं मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट यांत फार अंतर पडलं की तो इंजिन जपायला ताकद कापतो. बहुतेक गाड्यांत चावी फिरवली की ते बंधन सुटतं, दोष मात्र जागेवरच असतो. कारणं नेहमीचीच आहेत. व्हीजीटी टर्बोच्या, म्हणजे पात्या सरकवून बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या टर्बोच्या, आतल्या पात्या काजळीनं अडकणं, त्या पात्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची बारीक नळी तडकणं, इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपाला आतल्या बाजूनं चीर पडणं. खेड्यात गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल तर त्या नळीला उंदराचे दात लागलेत का तेही बघा. मी गमतीनं सांगत नाही.

हळूहळू गेली, चेक लाईट नाही, एसी बंद केल्यावर जरा बरं वाटलं, आणि संध्याकाळी थंड झाल्यावर गाडी ठणठणीत, तर मामला उष्णतेचा. कुलंट किंवा आत जाणारी हवा ठरलेल्या मर्यादेपुढे तापली की कॉम्प्युटर डिझेल हळूहळू कमी करत जातो. यात काहीच तुटलेलं नसतं, म्हणून स्कॅनरवर कोड येत नाही आणि गॅरेजवाला "गाडी ओके" म्हणून परत पाठवतो.

धुराकडेही लक्ष द्या. काळा धूर आणि ताकद कमी म्हणजे डिझेल जातंय पण हवा पोचत नाही. टर्बोच्या पुढे कुठेतरी गळती आहे. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच कमी पडतंय, नाहीतर मुद्दाम कमी दिलं जातंय. निळसर धूर ऑइलचा. प्रदूषणाच्या नव्या, बीएस-६ नियमाच्या गाडीत मात्र डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला काजळीचा फिल्टर, धूर गिळून टाकतो, तिथे या खुणेचा उपयोग नाही.

फुकटचे मीटर आधीच गाडीत आहेत

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. त्यात ईएलएम ३२७ जातीचं ब्लूटूथ ॲडॅप्टर लावा. हजाराच्या आतबाहेर मिळतं. मोबाइलवर कुलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा शिरते त्या पाइपातला) दाब, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि बॅटरीचे व्होल्ट दिसायला लागतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं. त्यानंतरच्या गाड्यांत हे सहसा अडत नाही. आपल्याकडे त्याआधीच्या बीएस-३ कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमानं डिझेल सोडणाऱ्या) गाड्या अजून भरपूर पळतात. त्यांत सॉकेट असतं, पण स्वस्त ॲडॅप्टरशी ते बोलेलच असं नाही. मग त्या गाडीला लागणारा स्कॅनर असलेला माणूस शोधावा लागतो.

तीन गोष्टी समजून घ्या, म्हणजे आकडे फसवणार नाहीत.

मोबाइलवर दिसणारा मॅनिफोल्डचा दाब हा वातावरणाचा दाब धरून असतो. इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून बघा. मैदानात तो ९६ ते ९८ किलोपास्कल दिसेल, चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे १,१०० मीटर उंचीवर, ८९ च्या आसपास. इथेच आकडा वेडावाकडा आला तर आधी सेन्सर संशयित. चालत्या गाडीत २०० किलोपास्कल दिसले तर त्यातून शंभर वजा करा, उरला तो खरा बूस्ट, म्हणजे १ बार, अंदाजे साडेचौदा पीएसआय. तिसऱ्या गिअरला दोन हजार फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की साधारण कॉमन रेल डिझेल २०० ते २५० च्या पट्ट्यात चढते. १३०-१४० वरच अडकली तर बूस्ट येतच नाही. वर जाऊन झपकन पडली तर लिम्प मोड.

दुसरी गोष्ट, हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे बसलाय ते शोधा. काही गाड्यांत तो एअर फिल्टरच्या डब्याजवळ असतो, तिथे बाहेरचंच तापमान दिसतं. तो इंटरकूलरच्या पुढे असेल तरच कामाचा. हिशेब असा: ४५ अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबाला नेली, तर टर्बो चांगल्या स्थितीत असूनही ती १४० अंशांच्या पुढे जाते. हिवाळ्यात २५ अंशांची हवा असेल तर १२० च्या आत राहते. हा तापलेला वारा थंड करण्याचं काम इंटरकूलरचं. चालत्या गाडीत मॅनिफोल्डची हवा बाहेरच्यापेक्षा वीस-तीस अंश जास्त असेल तर मी काळजी करत नाही. पन्नास-साठ अंश जास्त निघाली तर जाळी चोंदली आहे.

तिसरी, रेल प्रेशर. हे लोडवर वाढलं पाहिजे, कॉमन रेलमध्ये हजार बारच्या बरंच वर. पाय दाबल्यावर ते पडत असेल तर टर्बोला हातही लावू नका. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी आणि पंप, या क्रमानं बघा. शेतावर कॅनमध्ये साठवलेलं डिझेल टाकणाऱ्यांच्या गाडीत फिल्टरच्या तळाशी पाणी निघतं, त्यानंही असंच होतं. आणि कुणी रेलच्या लाइनवर मीटर बसवून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. त्या पाइपात इतका दाब असतो की बारीक धार चामडीतून आत घुसते.

हे सगळं चालवता चालवता बघायचं नाही. शेजारी कुणाला तरी बसवा, नाहीतर ॲपमध्ये नोंद चालू ठेवून घाट चढा आणि वर पोचल्यावर वाचा. एका वेळी तीन-चारच आकडे निवडा. जास्त निवडले की स्वस्त ॲडॅप्टर इतकं रेंगाळतं की बूस्ट येऊन गेल्यावर आकडा हलतो. रात्री ते काढून ठेवा, आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी ते पिऊन टाकतं.

इतकं केल्यावर बऱ्याच जणांना मीटरची गरज उरत नाही. माझा धंदा बुडतो, पण त्यांचा प्रश्न सुटतो.

डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा

हा काटा कंपनीनं मुद्दाम शांत ठेवलेला असतो. बहुतेक गाड्यांत ८० पासून १०५ अंशांपर्यंत तो मधोमध उभा राहतो आणि मग एकाएकी लालकडे पळतो. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा. त्यामुळे "काटा मधेच होता" या वाक्याला निदानात काही किंमत नाही. ओबीडीवर ८८-९५ नेहमीचं आणि लांब चढावर १०० ला टेकलं तरी चालून जातं. १०५ च्या पुढे जात असेल तर थांबून विचार करा.

गरम केव्हा होते ते लिहून ठेवा. उभी असताना तापते आणि पळाली की उतरते, तर फॅन, त्याचा रिले किंवा क्लच. उभ्यानं ठीक आणि वेगानं तापते, तर रेडिएटर किंवा पाण्याचं अभिसरण.

आपल्या भागात या दुसऱ्या प्रकाराला दोन खास कारणं आहेत. एक कापूस. जिनिंगच्या फेऱ्या करणाऱ्या, नाहीतर जिनिंगच्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या नाकात हंगामभर रुईचे तंतू जातात. त्याआधी सोयाबीन काढताना मळणीयंत्राचं कुटार गेलेलंच असतं. हे सगळं इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च मारून वरून मधल्या फटीत बघितलं तरच राखाडी गादी दिसते. हिवाळ्यात ते खपून जातं, एप्रिलमध्ये नाही. ती साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढे मारायचं, साध्या नळाच्या जोरानं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं मारलं की पातळ पत्रे आडवे होतात आणि उरलेली वाटही बंद होते.

दुसरं कारण पाणी. दर्यापूर, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेली गाडी तापणारच. क्षार नळ्यांत बसतात, ॲल्युमिनियम खातात. अशा गाडीला कोणतंही मीटर लावा, ते फक्त तापल्याचं सांगेल. आधी रेडिएटर उघडून बघा, मग तयार कुलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं भरा.

कुलंटचं वेगळं मीटर मी दोनच जागी सुचवतो: जिथे ओबीडी बोलत नाही अशी जुनी गाडी, आणि रोज लोड घेऊन चढणारी गाडी जिचा ड्रायव्हर मोबाइलकडे बघणार नाही. तेही बझरवालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पाण्यात बुडालेला सेन्सर खरं सांगतो, पाइप फुटून पाणी निघून गेलं की तो कोरड्यात लोंबकळतो आणि तापमान कमी दाखवतो. इंजिन जळत असतं आणि काटा खाली येत असतो. म्हणून ज्याला एकच काहीतरी लावायचंय, त्याला मी हेडच्या बोल्टखाली बसणारा, धातूचं तापमान मोजणारा अलार्म सुचवतो. पाणी असो नसो, धातू खोटं बोलत नाही.

टर्बो पुन्हा पुन्हा जातो

हा या लिखाणाचा खरा विषय. इथे ओबीडी बहुतेक गाड्यांत गप्प असतं, म्हणून इथेच मीटर लागतं.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर, छोट्या टर्बोत दोन लाखांपर्यंत फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर काही सेकंद तुटला तरी बुश खरवडतात. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब जवळजवळ संपल्यावर, साधारण अर्ध्या बारच्या खाली. तो दिवा इंजिन बंद करा सांगतो, दाब कमी होत चाललाय हे सांगत नाही. म्हणून टर्बो दुसऱ्यांदा गेलेल्या माणसानं पहिलं मीटर बसवायचं ते ऑइल प्रेशरचं.

वाचायचं कसं? जुना ठोकताळा असा की दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार. पूर्ण तापलेल्या इंजिनात आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) १ बार असेल तर मी समाधानी असतो. थंडीत सकाळी चार-पाच बार दिसतील, त्यावर भुलू नका, घट्ट ऑइल दाब दाखवतंच. नव्या काही इंजिनांत पंप स्वतः दाब कमी-जास्त करतो, तिथे ठोकताळा तंतोतंत बसत नाही. नव्या मीटरवर पहिल्या आठवड्यात तुमच्या गाडीचे आकडे काय येतात ते वहीत लिहा. पुढे तुलना त्या आकड्यांशी करायची. तापल्यावर आयडलचा दाब महिन्यागणिक उतरत असेल तर बेअरिंगची झीज, नाहीतर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. डीपीएफ असलेली गाडी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारत असेल तर डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, ते डिझेलच असतं. आयडलला बरा आणि वर फेऱ्या वाढवल्या की दाब अडखळतो, तर चेंबरमधली ऑइल ओढणारी जाळी चोंदलेली. इंजेक्टरखालचे कॉपर वॉशर गळत असतील तर जळका वायू वर येऊन ऑइलची डांबरासारखी काजळी होते आणि तीच त्या जाळीवर बसते. अशा गाडीत नुसता टर्बो बदलणं म्हणजे पैसे ओतणं.

आता या मीटरची मर्यादा. ते इंजिनाच्या मुख्य गॅलरीतला, म्हणजे ऑइलच्या मोठ्या वाटेतला, दाब मोजतं, टर्बोच्या दारातला नाही. गॅलरीतून टर्बोपर्यंत बारीक पाइप जातो, त्याच्या पोकळ बँजो बोल्टमध्ये काही इंजिनांत बोटाच्या नखाएवढी जाळी असते. वरूडकडच्या एका संत्र्याच्या पिकअपचं हेच झालं होतं. टर्बो बदलला, काही महिन्यांत शिट्टी मारायला लागला, पुन्हा बदलला. दाब मीटरवर उत्तम. मग टर्बोच्या टोकाचा पाइप सोडून भांड्यात धरला आणि इंजिन स्टार्टरवर फिरवलं, तर धार नव्हती, थेंब होते. पाइप आतून कोळशानं भरलेला. टर्बो दोनदा नवा बसला होता, पाइप मात्र जुनाच. म्हणून टर्बो बदलताना ऑइलचा पाइप, बोल्ट आणि वॉशर नवे टाका, परत जाणारा जाड पाइप मोकळा आहे का बघा, इंजिनातला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर चोंदलेला नाही ना ते तपासा. ऑइलला परत जायला वाट नसली तरी टर्बो ऑइल फेकतो आणि "टर्बो गेला" असा निकाल लागतो.

तो कोळसा होतो कसा हेही ऐका. समृद्धीवर १२० नं पळवत आणून पंपावर थांबल्या थांबल्या चावी काढली की लाल तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल तिथेच जळतं. एक-दोन मिनिटं आयडलला ठेवा. त्यासाठी टर्बो टायमर नावाचं वेगळं खेळणं घ्यायची गरज नाही.

एक्झॉस्टचं तापमान

ताकद वाढवायला ट्यूनिंग बॉक्स लावलेली, रिमॅप केलेली (कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदललेली), किंवा ट्रॉली ओढणारी डिझेल असेल, तर बूस्टच्याही आधी हे मीटर. डिझेलमध्ये इंधन वाढवलं की ताकदीबरोबर हे तापमान वाढतं, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनला खालून ऑइल आणि बाजूनं पाणी थंड करतं म्हणून तो तगतो, पण त्याला सवलत किती द्यायची हे ठरलेलं आहे: टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान सलग चढावर ७०० अंशांच्या आसपास ठेवा. क्षणभर ७५० गेलं तर जीव जात नाही, पण घाटभर तिथे राहिलं तर गिअर खाली टाका. खालच्या गिअरला फेऱ्या वाढतात, हवा जास्त मिळते आणि आकडा डोळ्यांदेखत उतरतो. आपल्याकडे ड्रायव्हर नेमकं उलट करतात, वरच्या गिअरला रेटत नेतात, कारण आवाज कमी येतो.

के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे मोठी उष्णता मोजणारा सेन्सर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवतात, आणि तो टर्बोच्या आधीच हवा. टर्बोनंतर बसवला तर लोडवर शंभर-दीडशे अंश कमी दिसतं. भोक पाडताना लोखंडाचा कीस टर्बोच्या चाकात गेला तर नव्या मीटरनं नवा टर्बो खाल्ला असं होईल. मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्या. "जागेवरच पाडून देतो" म्हणणाऱ्याकडे नको. मूळ अवस्थेतल्या, बॉक्स न लावलेल्या गाडीला मात्र मी हे मीटर लावत नाही. बीएस-६ डीपीएफ गाडीत कंपनीचे स्वतःचे एक्झॉस्ट सेन्सर असतात. डीपीएफ साफ होत असताना तिथला आकडा सपाट रस्त्यावरही सहाशेच्या पुढे जातो. ते बिघाडाचं लक्षण नाही.

बूस्ट मीटर, एएफआर आणि बाकीची मंडळी

बूस्टचं मीटर सगळ्यात आधी विकलं जातं आणि कॉमन रेल गाडीत सगळ्यात कमी नवं सांगतं, कारण तो आकडा ओबीडीवर आहेच. एक फायदा खरा: काटा लगेच हलतो, त्यामुळे पाइपाची चीर किंवा अडकलेल्या पात्या पहिल्याच चढाला कळतात. यांत्रिक पंपाच्या जुन्या टर्बो गाडीत मात्र ते हवंच, तिथे दुसरं काही विचारायला नाही. घेताना डिझेलचं घ्या, शून्यापासून सुरू होणारं. पेट्रोलच्या मीटरची अर्धी पट्टी व्हॅक्यूमची असते, आणि बहुतेक डिझेलमध्ये मॅनिफोल्डला व्हॅक्यूम जवळपास नसतोच.

वाइडबँड एएफआर, म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारं मीटर, डिझेलवाल्यांनी विसरावं. रिमॅप केलेल्या टर्बो पेट्रोललाच ते लागतं. तिथेही १४.७ वगैरे आकड्यांत अडकू नका, मीटर लॅम्डावर (योग्य प्रमाणाच्या किती पट हवा आहे त्यावर) ठेवा. पंपावर आता ई-२० पेट्रोल मिळतं आणि त्याचं योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं, पण मीटर जुन्याच १४.७ नं गुणून दाखवतं. लॅम्डा १ म्हणजे कोणत्याही इंधनाला १.

ऑइल टेम्परेचर १००-११० सामान्य, १३० च्या वर राहिलं तर ऑइल लवकर बदला. चांगलं मीटर आहे, पण तिसऱ्या नंबरचं. व्होल्टचं वेगळं मीटर कशाला? छतावर एलईडी बार आणि मोठा ॲम्प्लिफायर नसेल तर ओबीडीवर १३.८ ते १४.५ दिसले की विषय संपला.

बसवताना जिथे घोळ होतो

ऑइल प्रेशरचं यांत्रिक मीटर, म्हणजे ऑइलची नळी थेट केबिनमध्ये आणणारं, प्रवासी गाडीत लावू नका. नळी सुटली तर उकळतं ऑइल पायावर. इलेक्ट्रिक सेंडर, म्हणजे इंजिनावर बसून वायरीनं मीटरला आकडा पाठवणारा सेन्सर, घ्या. तो जड असतो, कंपनीच्या स्विचच्या जागी टी लावून त्यावर लटकवला तर थरथरीनं टी तुटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर. जाळीच्या छोट्या होजनं सेंडर बॉडीला घट्ट बांधा.

आटे जुळवताना जबरदस्ती नको. जपानी पद्धतीच्या इंजिनांत १/८ बीएसपीटी आटे असतात आणि अमेरिकन मीटरबरोबर १/८ एनपीटी येतात. एकात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७. दोन-तीन वेढे बसतं, मग वाटतं बसलं, आणि गरम झाल्यावर गळतं. टेफ्लॉन टेप पहिल्या आट्यावर लावू नका, तिचा तुकडा ऑइलमध्ये गेला तर तोच टर्बोच्या पाइपात जाऊन बसतो. एका वायरच्या सेंडरला टेप गुंडाळली तर अर्थिंगही तुटतं आणि मग मीटर काहीही दाखवतं.

हेडलाईट लावल्यावर किंवा फॅन सुरू झाल्यावर काटा उडी मारत असेल तर सेन्सर बदलू नका. मीटरचं अर्थिंग डॅशबोर्डच्या स्क्रूला आणि सेंडरचं इंजिनाला, हा तो दोष. दोघांचं अर्थिंग इंजिनावरच्या एकाच जागी आणा. रेडिएटरच्या रबरी पाइपात अडॅप्टर टाकून कुलंट सेन्सर लावला असेल तर त्याला स्वतंत्र अर्थ वायर हवीच, रबरातून काय जाणार?

मीटर गाडीत चढवण्याआधी तपासून घ्या. टेम्परेचरचा सेंडर वायर जोडून उकळत्या पाण्यात धरा, मैदानात ९९ च्या आसपास दाखवायला हवं. बूस्टच्या मीटरला पायपंप आणि टायरचं गेज जोडून १५ पीएसआय भरा, दोन्ही जुळतात का बघा. एकाच डब्यात तीन मीटर देणारी चमकदार स्वस्त पेटी मी या चाचणीत पास झालेली फार पाहिली नाही.

जागेबद्दल एकच आग्रह. ए-पिलरवरची (पुढच्या काचेशेजारच्या खांबावरची) पेटी दिसायला झकास असते, पण ज्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे तिथे ती एअरबॅगच्या वाटेत येते. स्टिअरिंग कॉलमवर किंवा मधल्या डॅशवर ५२ मिलिमीटरचं मीटर बसतं. वायर चावी चालू केल्यावर येणाऱ्या लाइनवरून घ्या, स्वतःचा २ किंवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज टाकून. ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) किंवा एअरबॅगच्या वायरला सोलून जोड मारू देऊ नका, कितीही घाई असली तरी. बझर कुलंटला १०५ अंशांवर लावा. ऑइलच्या दाबाला तापलेल्या आयडलच्या आकड्यापेक्षा थोडा खाली लावा, म्हणजे आयडल १.१ असेल तर ०.८. त्याहून वर लावलात तर तो प्रत्येक सिग्नलला वाजेल आणि ड्रायव्हर त्याची वायर तोडून टाकेल.